नळीचं माप

शिलेदार म्हणजे घोडा त्याचा, बंदूक त्याची,
पगार तेवढा दौलतीचा, तोही सहा महिने उशिरा.
नोकरी लागली त्या दिवशीच दप्तरदारांनी हे सांगितलं होतं,
मी मान हलवली होती.
अर्थ कळला यंदाच्या ज्येष्ठात,
लष्करच्या जिन्सीत, ओसरीवर,
समोर तीनशे सोळा स्वार
आणि माझ्या पुढ्यात गोळ्यांच्या चार थैल्या.

चार थैल्या, चार मापं.
बंदुकांची मापं किती, ते मोजायला बसलो
तेव्हा आधी नळीत अंगठा घातला,
मग करंगळी,
मग बोरूला दोरा गुंडाळून पाहिलं.
सतराव्या मापापाशी शाई वाळली.

निंबाजी वाबळ्याची तोडेदार, आजोबाच्या वेळची,
तिला सुपारीएवढी गोळी लागते.
आणि पेटता तोडा धरून घोडा दौडवायचा
म्हणजे आधी आपलाच अंगरखा पेटतो.
मुस्तकीम खांची कडाबीन नवी,
कुठल्याशा गोऱ्याच्या खोगिरातून काढलेली.
तिला टोपी लागते, तांब्याची, तुरीच्या दाण्याएवढी,
ती आपल्याकडे कुणाला करता येत नाही.
त्याच्यापाशी अकरा आहेत.
रोज तिन्हीसांजेला रुमालावर ओतून मोजतो.
अकराच भरतात.
तरी मोजतो.

मुरारच्या छावणीतून पेट्या आल्या,
काडतुसांचा कागद उत्तम, दारू कोरडी,
गोळी मात्र पायदळाच्या बंदुकीची.
घोड्यावरच्या एकाही नळीत शिरेना.

गोजरा ओतारणीला बोलावलं.
ती म्हणाली, रावसाहेब, साचा एक, माप एक.
सतरा साचे कोरायला एवढं संगजिरं आणू कुठून?
शिसं मात्र मिळालं.
ढीमरांनी जाळ्यांच्या काठचे मणी उतरवून दिले;
जाळी आता पाण्यावर तरंगतात म्हणे,
मासा खालून निघून जातो.

त्या रात्री कुणी झोपलं नाही.
जो तो चाकू घेऊन आपापली गोळी तासत बसला.
मी खोलीत दिवा बारीक करून ऐकत होतो,
तीनशे माणसं बोरू तासतायत
आणि उद्या सगळी मिळून काहीतरी लिहिणार आहेत, असं.
पहाटे गोजरा आली, अंगणातला शिशाचा कीस
केरसुणीनं गोळा करून पदरात बांधला,
मला विचारलंही नाही.

मग सांडणीस्वार आला,
चिठ्ठीत एकच ओळ:
जिन्सीत गोळ्या आहेत किंवा कसे?
मी लिहिलं, आहेत. सहा हजार दोनशे.
खोटं नव्हतं. दोनदा मोजल्या होत्या.
कुठल्या नळीच्या, हे त्यांनी विचारलं नव्हतं,
आणि कारकुनानं विचारल्यापुरतं लिहावं
असं मला शिकवलेलं.
शिक्का उमटवला. वाळू टाकली. फुंकली.

दुपारी मुरारच्या अंगाला धूळ उठली
ती दुसऱ्या दिवशीही बसली नाही.

निंबाजी पायी आला.
बंदुकीची काठी करून, लंगडत,
थैली तशीच भरलेली.
माझ्या चौरंगावर उपडी केली,
म्हणाला, तासून तासून बारीक झाल्या,
नळी खाली केली की आपसूक गळतात.
आता अडकित्ता द्या,
सुपारी म्हणून तरी खातो.
कुणी हसलं नाही. मग तो स्वतःच हसला,
जरा जास्त वेळ.

मुस्तकीम खांचा घोडा एकटा आला, मोकाट.
खोगिराला रुमाल बांधलेला,
गाठ त्याच्याच हातची, डावरी.
मी रुमाल सोडला. सात.
पुन्हा मोजल्या. सात.
म्हणजे चार वेळा तरी उडाली,
किंवा चार कुठे सांडल्या,
हे लिहायला रोजकिर्दीत रकाना नाही.

जमा बाजूला लिहिलं:
टोप्या तांब्याच्या, नग सात.
कडाबीन, एक
लिहून खोडलं.

गोजरा दारात उभी होती.
म्हणाली, त्या सहा हजारांचं काय करायचं?
जाळी दुरुस्त करायला ढीमर आलेत,
मणी परत मागतायत.